टू-इन-वन लॅपटॉप : जमा किती, नावे किती

दिवाळीच्या तोंडावर किंवा जून-जुलैमध्ये महाविद्यालये सुरू होताना संगणकाच्या कोणत्याही मोठ्या दुकानात पाऊल टाकावे, तर काउंटरवर एखादे यंत्र हमखास निराळ्या आसनात मांडलेले दिसते. कधी ते तंबूसारखे उभे असते, तर कधी त्याचा पडदा पूर्ण पाठीमागे वळवून ते शाळेतल्या पाटीसारखे आडवे ठेवलेले असते. विक्रेता ते हातात घेतो, एका झटक्यात त्याचे रूप पालटतो आणि सांगतो, "साहेब, लॅपटॉपही हाच आणि टॅबलेटही हाच. एका किमतीत दोन वस्तू."

बँकेत कर्जप्रकरणे हाताळताना एक गोष्ट अंगवळणी पडते. एकच तारण दोन कर्जांपोटी दाखवलेले आढळले, की शिफारशीची सही करणारा हात थांबतो. टू-इन-वन लॅपटॉपच्या बाबतीत असेच काहीसे घडलेले असते. एकच पडदा, एकच बॅटरी आणि एकच वजन दोन वेगवेगळ्या कामांपोटी गहाण पडलेले असते. म्हणून हा व्यवहार खोटा ठरत नाही. योग्य माणसाच्या हातात तो उत्तम ठरतो. परंतु घरातले साठ-सत्तर हजार रुपये एका वस्तूवर घालण्यापूर्वी, आणि विशेषतः मुलांचे शिक्षण किंवा दुकानाचे हिशेब तिच्यावर अवलंबून राहणार असतील तर, तारणाचे मूल्यांकन नीट करून घ्यावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

या नावाखाली बाजारात दोन अगदी भिन्न जातींची यंत्रे विकली जातात आणि ग्राहकाचा पहिला गोंधळ इथेच होतो. पहिल्या जातीत पडदा व कळफलक कायमचे जोडलेले असतात. बिजागरी ३६० अंशांत फिरते आणि पडदा कळफलकाच्या पाठीला जाऊन भिडतो. लेनोव्हो कंपनीने २०१२ मध्ये 'योगा' या नावाने असा लॅपटॉप आणला आणि पुढे जवळजवळ प्रत्येक कंपनीने ती रचना उचलली. आपला प्राचीन शब्द साता समुद्रापार जाऊन एका बिजागरीला चिकटला याची गंमत वाटते. पण नाव चपखल आहे. दुसऱ्या जातीत पडदा हाच संपूर्ण संगणक असतो आणि कळफलक चुंबकाने चिकटणारे एक पातळ आवरण असते. मायक्रोसॉफ्टचा 'सरफेस' हे या जातीचे ठळक उदाहरण. सोयीसाठी पहिल्याला आपण वळणारा आणि दुसऱ्याला सुटणारा म्हणू.

या दोहोंतील सगळा भेद एका प्रश्नात सामावलेला आहे : यंत्राचा मेंदू आणि बॅटरी कुठे आहेत? वळणाऱ्या लॅपटॉपमध्ये त्या कळफलकाखाली असतात, त्यामुळे बूड जड आणि माथा हलका राहतो. मांडीवर घेतला तरी तो स्थिर बसतो. मात्र पाटीसारखा करून हातात धरला, की कळफलक, बॅटरी, पंखा अशा सगळ्या संसाराचे ओझे हातावर येते. चौदा इंची यंत्राचे हे वजन साधारण दीड किलोच्या आसपास असते. शिवाय बोटे मागच्या बाजूच्या कळांवर टेकतात. यंत्र त्या कळा आपोआप निष्क्रिय करते, त्यामुळे काही चुकीचे टंकित होत नाही. परंतु पुस्तक धरल्याचा तो निवांत भाव येत नाही.

सुटणाऱ्या यंत्रात सारे उलट. मेंदू व बॅटरी पडद्यामागे असल्याने पडदा एकटा हातात घेतला तर तेरा इंची यंत्रही साधारण आठ-नऊशे ग्रॅम भरते. टॅबलेट म्हणून ते खरोखर वापरता येते. मात्र कळफलक जोडून लॅपटॉप करायचा म्हटले, की माथा जड होतो, म्हणून पाठीमागे टेकू लागतो. टेकूला जागा लागते. टेबलावर ती मिळते. मांडीवर टेकूची कड रुततेच, आणि आखूड पायांच्या माणसाच्या गुडघ्यांपर्यंत यंत्र पोहोचते. रेल्वेच्या खुर्चीयान डब्यातील पुढच्या आसनाला लावलेल्या घडीच्या फळीवर तर हा टेकू मावता मावत नाही. दुकानातल्या गुळगुळीत टेबलावर यातले काहीच कळत नाही.

थोडा इतिहास पाहिला तर हा पेच किती जुना आहे हे लक्षात येते. २००१ मध्ये लास व्हेगास येथील कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांनी पेनने लिहिण्याजोग्या टॅबलेट संगणकाचे प्रात्यक्षिक दाखवले आणि पाच वर्षांत अमेरिकेत सर्वाधिक विकला जाणारा संगणक हाच असेल, असे भाकीत केले. २००२ मध्ये त्यासाठी विंडोज एक्सपीची खास आवृत्तीही आली. कॉम्पॅकने त्याच वर्षी काढलेल्या टीसी१००० या यंत्राचा कळफलक चक्क वेगळा काढता येत असे. म्हणजे कल्पना आजची नाही. परंतु ती यंत्रे महाग व जड होती, बॅटरी लवकर संपे आणि त्यांतील प्रोग्रॅम उंदरासाठी, म्हणजे माऊससाठी, बनवलेले होते. भाकीत फसले. २०१० मध्ये ॲपलने आयपॅड आणला तो या वाटेनेच गेला नाही. त्याने लॅपटॉप होण्याचा आवच आणला नाही आणि म्हणूनच तो चालला.

त्यानंतर मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ आणि सरफेस आरटी एकाच वेळी बाजारात उतरवले. हे यंत्र दिसायला विंडोजचे, पण त्यावर जुने विंडोज प्रोग्रॅम बसवताच येत नसत. लोकांनी घेतले नाही. जुलै २०१३ मध्ये कंपनीला शिल्लक मालापोटी ९० कोटी डॉलरची तूट खाती लिहावी लागली. हिशेबाच्या माणसाला हा आकडा पुष्कळ काही सांगतो : बिजागरी, पडदा, धातूची घडण उत्तम होती, अडले ते आत चालणाऱ्या प्रोग्रॅमपाशी. ॲपलचे टिम कुक यांनी २०१२ मध्ये अशा यंत्रांची तुलना टोस्टर आणि फ्रिज एकत्र करण्याशी केली होती. गंमत अशी, की २०१५ मध्ये त्याच ॲपलने आयपॅड प्रो सोबत कळफलक आणि पेन्सिल विकायला काढली आणि २०२० मध्ये त्या कळफलकाला टचपॅडही जोडले. टीका करणारा आणि टीका झालेला, दोघेही आज जवळजवळ एकाच चौकात येऊन उभे आहेत.

तरीही प्रोग्रॅमचा प्रश्न सुटलेला नाही. विंडोज ११ आली तेव्हा, २०२१ मध्ये, आधीच्या आवृत्तीतील स्वतंत्र 'टॅबलेट मोड' काढून टाकण्यात आला. आता कळफलक मागे वळवला की चिन्हांमधील अंतर थोडे वाढते, बाकी व्यवस्था लॅपटॉपचीच राहते. एक्सेलचा तक्ता बोटाने हाताळून पाहावा. एका चौकटीवर बोट ठेवावे तर शेजारची चौकट निवडली जाते. पडद्यावरचा कळफलक उघडला, तर तो अर्धा पडदा व्यापतो. याउलट आयपॅडवर बोटाचा वापर सुखद आहे, पण तिथे आपल्या लेखापालाचा नेहमीचा प्रोग्रॅम मिळेलच असे नाही. टॅबलेटचे सुख आणि लॅपटॉपचे सामर्थ्य एकाच ठिकाणी, एकाच प्रमाणात, आजही कोणी देत नाही.

मग या यंत्राची खरी जमेची बाजू कोणती? माझ्या मते पेन. बोटाने पडद्याला स्पर्श करणे ही दुय्यम सोय आहे. उभ्या पडद्यापुढे हात अधांतरी धरून काम केले तर थोड्याच वेळात खांदा भरून येतो, हे स्टीव्ह जॉब्ज यांनीही २०१० मध्ये सांगितले होते. पण पडदा आडवा करून, मनगट टेकवून लिहू लागले, की यंत्राचा स्वभावच बदलतो. गणिताचा विद्यार्थी समीकरणे लिहू शकतो, जी कळफलकावर टंकित करणे म्हणजे शिक्षाच. शिक्षक दूरच्या विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहावे तसे लिहून दाखवतो. लेखापरीक्षक दोनशे पानांच्या पीडीएफवर लाल शाईने खुणा करतो. आणि ज्यांना इनस्क्रिप्ट कळफलक कधी जमला नाही, इंग्रजी अक्षरांतून मराठी टंकित करणे ज्यांच्या जिवावर येते, अशी माझ्या पिढीची माणसे आपल्या हस्ताक्षरात, काना-मात्रा-वेलांटीसह, थेट लिहू शकतात. सत्तरी ओलांडलेल्या माझ्या एका माजी सहकाऱ्यांनी आपल्या कुटुंबाच्या चार पिढ्यांची हकिकत याच रीतीने पडद्यावर लिहून काढली. टंकलेखनाची अट असती, तर ती त्यांच्याबरोबरच राहिली असती.

मात्र पेन म्हणजे काय, हे विकत घेण्याआधी समजून घ्यावे. दहा-वीस रुपयांची रबरी टोकाची काडी म्हणजे हे पेन नव्हे. ती बोटाची नक्कल आहे. खरे पेन दाब ओळखते, म्हणजे जोर दिला तर रेघ जाड होते, आणि लिहिताना पडद्यावर टेकलेला तळवा यंत्र दुर्लक्षित करते. वॅकॉम कंपनीच्या एका जुन्या तंत्रात पेनमध्ये बॅटरीच नसते. पडद्याखालील तारांच्या जाळ्यातून विद्युतचुंबकीय लहरींनी त्याला शक्ती मिळते. इतर बहुतेक पेनांत बॅटरी असते, काहींना चार्ज करावे लागते, तर काहींत सहजासहजी न मिळणारी बारीक पेन्सिल सेल बसते. मुख्य म्हणजे एका पद्धतीचे पेन दुसऱ्या पद्धतीच्या पडद्यावर चालत नाही. पेन हरवले तर 'कुठलेही चालेल' असे समजून शेजारच्या दुकानातून आणलेले पेन घरी येऊन मुकेच राहते. अनेक यंत्रांबरोबर पेन मिळतच नाही. जाहिरातीतील चित्रात ते दिसते, खाली बारीक अक्षरांत 'स्वतंत्रपणे उपलब्ध' असे लिहिलेले असते. सुटणाऱ्या जातीत तर पुष्कळदा कळफलकही स्वतंत्र किमतीचा असतो. तेव्हा छापील किंमत ही अर्धवट देह्याची किंमत आहे, हे गृहीत धरून चालावे.

काचेवर लिहिताना टोक निसरडे वाटते, ही एक सार्वत्रिक तक्रार. खरखरीत पातळ पटल चिकटवले तर कागदाचा भास होतो, पण अक्षरांची चमक किंचित कमी होते. मला विचाराल तर लिहिणाऱ्याने ते लावावे, केवळ पाहणाऱ्याने लावू नये.

आमच्याच इमारतीतील एक मुलगी सीएच्या इंटरमिजिएट परीक्षेची तयारी करते. मध्यंतरी ती विचारायला आली.

"काका, दुकानदार म्हणतो हे घेतलं तर वह्याच लागणार नाहीत. घेऊ का?"

"वर्गातल्या टिपणांना लागणार नाहीत, खरं. पण परीक्षा कशावर द्यायची आहे?"

"कागदावरच. तीन तास."

"मग सरावाची वही ठेवावीच लागेल, बेटा. काचेवर हात चालतो तो वेगळा आणि उत्तरपत्रिकेवर तीन तास चालतो तो वेगळा."

तिने यंत्र घेतले आणि ते तिला उपयोगी पडते आहे. व्याख्यानांची पीडीएफ एका बाजूला, तिची टिपणे दुसऱ्या बाजूला, आणि शोधायला गेले तर सगळे एका ठिकाणी. पण प्रश्नपत्रिका ती जुन्या रेघी कागदावर सोडवते. तिच्या वडिलांचे कापडाचे दुकान आहे. एवढी रक्कम त्यांनी पुन्हा लवकर काढणे कठीण, म्हणून हा विचार आधी झाला हे बरे झाले.

वाचनासाठी हे यंत्र घेणाऱ्यांनी पडद्याचा आकार मोजावा. इंचांचा आकडा सगळे विचारतात, लांबी-रुंदीचे प्रमाण कोणी विचारत नाही. ए-फोर कागदाची उंची रुंदीच्या साधारण १.४१ पट असते. जुन्या धाटणीच्या १६:९ पडद्यात हेच प्रमाण १.७८ होते. असा पडदा उभा धरला तर तो पंचांगाच्या पट्टीसारखा लांबट दिसतो, पान छोटे होते आणि वर-खाली जागा वाया जाते. ३:२ प्रमाणाचा पडदा १.५ वर येतो आणि पान जवळजवळ संपूर्ण भरून दिसते. आयपॅडच्या ४:३ मध्येही तसेच. मधला १६:१० हा तडजोडीचा. स्कॅन केलेले जुने ग्रंथ, परिपत्रके, निकालपत्रे वाचणाऱ्यांच्या डोळ्यांना हा फरक रोज जाणवतो.

आता व्यापारी घरांसाठी सर्वांत महत्त्वाचा भाग. आपल्याकडील असंख्य दुकानांचे हिशेब टॅलीवर चालतात आणि टॅली हा मुळात कळफलकाचा प्रोग्रॅम आहे. त्यावर पटाईत माणूस माऊसलाही हात लावत नाही. फंक्शन कळा आणि उजवीकडचा आकड्यांचा स्वतंत्र गट यांवर त्याची बोटे नाचतात. तेरा-चौदा इंची टू-इन-वनमध्ये हा आकड्यांचा गट बहुधा नसतोच. दिवसाला शंभर व्हाउचर भरणाऱ्या मुनीमजींना असे यंत्र देणे म्हणजे त्यांची गती निम्मी करणे होय. त्यांच्यासाठी पंधरा इंची साधा लॅपटॉप किंवा सरळ टेबलावरचा संगणकच उत्तम, आणि तो स्वस्तही पडतो.

दुसरी अडचण डिजिटल स्वाक्षरीची. कंपनीची विवरणपत्रे भरताना ज्या यूएसबी टोकनवर स्वाक्षरीचे प्रमाणपत्र असते, ते सहसा जुन्या रुंद यूएसबी तोंडाचे असते. सडपातळ सुटणाऱ्या यंत्रांना अनेकदा केवळ एक-दोन टाइप-सी पोर्ट असतात. मग जोडणीचा तुकडा लागतो, आणि विवरणपत्राच्या अखेरच्या दिवशी तोच नेमका सापडत नाही. याहून खोल अडचण प्रोसेसरची आहे. अलीकडे काही पातळ यंत्रांत इंटेल किंवा एएमडी ऐवजी स्नॅपड्रॅगनचा प्रोसेसर येतो. तो कमी तापतो, बॅटरी दीर्घकाळ चालते, ही त्याची मोठी जमेची बाजू. नेहमीचे विंडोज प्रोग्रॅम त्यावर एका अनुवादक थराच्या मदतीने बहुतांशी चालतात. पण टोकन, जुना प्रिंटर, बिलाचे छोटे यंत्र यांचे ड्रायव्हर त्या प्रोसेसरसाठी स्वतंत्रपणे बनवलेले नसतील, तर ही उपकरणे चालत नाहीत. दुकानासाठी घेत असाल तर आपले टोकन खिशात घालून न्यावे आणि तिथेच लावून पाहावे.

याच अनुषंगाने एक खुलासा आवश्यक वाटतो, कारण बँकेत असताना याबद्दलचे गैरसमज पुष्कळ पाहिले. पडद्यावर पेनने केलेली सही म्हणजे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील 'डिजिटल स्वाक्षरी' नव्हे. कायद्यातील डिजिटल स्वाक्षरी ही गणिती कूटपद्धतीने तयार होते आणि परवानाधारक प्रमाणन प्राधिकरणाने दिलेल्या प्रमाणपत्रावर आधारलेली असते. काचेवर रेखाटलेली सही दिसायला कितीही हुबेहूब असली, तरी ते एक चित्र आहे. घरगुती पावतीवर ते ठीक. जिथे डिजिटल स्वाक्षरीच मागितली आहे तिथे ते चालणार नाही.

दुरुस्तीच्या बाबतीत टू-इन-वनची नावेची बाजू जड आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. साध्या लॅपटॉपचा पडदा फुटला, तर पडदा बदलतात. स्पर्शाच्या आणि पेनच्या पडद्यात काच, स्पर्श ओळखणारा थर व चित्र दाखवणारा थर सहसा एकमेकांना चिकटवलेले असतात. वरची काच तडकली, तरी संपूर्ण संच बदलावा लागतो. वळणाऱ्या यंत्रात बिजागरीतून पडद्याकडे जाणाऱ्या तारा हजारो वेळा वाकतात. सुटणाऱ्या यंत्रात तर आत पोहोचायचे म्हणजे गोंदाने चिकटवलेला पडदा उष्णता देऊन उचलावा लागतो. पहिल्या पिढ्यांच्या सरफेस प्रो यंत्रांना दुरुस्तीयोग्यतेसाठी 'आयफिक्सिट' या अमेरिकी संस्थेने दहापैकी एक गुण दिला होता. पुढच्या आवृत्त्यांत सुधारणा झाल्या, साठवणीची पट्टी आता काहींत सहज काढता येते, पण रॅम बहुतेक ठिकाणी पाटावर कायमची जडवलेली असते. आठ जीबीचे घेतले तर शेवटपर्यंत आठच. जो लॅपटॉप पाच-सहा वर्षे वापरायचा आहे त्यात सोळा जीबी सुरुवातीलाच घ्यावेत. काही शे वेळा चार्ज झाल्यावर लिथियम-आयन बॅटरी क्षीण होतेच. ती चिकटवलेली असेल तर कोपऱ्यावरचा कारागीर हात लावायला धजत नाही.

पैशांचा हिशेब मांडून पाहू. समजा साधा लॅपटॉप ५०,००० रुपयांना मिळतो, त्याच ताकदीचा वळणारा ६५,००० रुपयांना. वरच्या १५,००० रुपयांत एक साधा टॅबलेट येऊ शकतो. मग एकाऐवजी दोन यंत्रे होतात : एक बिघडले तर दुसरे चालू, एक मुलाच्या हाती तर दुसरे आजोबांच्या. एकच टू-इन-वन असेल, तर मुलगा प्रकल्प करत असताना आजोबांचे वाचन थांबते. 'एकात दोन' ही गोष्ट एकट्या माणसासाठी खरी असते, कुटुंबासाठी बहुतेक वेळा खरी नसते. मात्र त्या स्वस्त टॅबलेटवर चांगले पेन चालणार नाही, हेही ध्यानात ठेवावे. पेन हेच कारण असेल तर वरचे १५,००० सार्थकी लागतात. पडदा वळतो एवढेच कारण असेल तर नाही.

व्यवसायासाठी खरेदी असेल, तर आयकरात संगणकावर ४० टक्के दराने घसारा मिळतो. ६५,००० चे पहिल्या वर्षाखेर पुस्तकी मूल्य ३९,०००, दुसऱ्या वर्षाखेर २३,४०० आणि तिसऱ्या वर्षाखेर १४,०४० उरते. त्या वर्षात यंत्र १८० दिवसांपेक्षा कमी वापरले गेले असेल, तर पहिल्या वर्षी निम्माच घसारा. लॅपटॉप आणि टॅबलेटवर १८ टक्के जीएसटी आहे. नोंदणीकृत व्यापाऱ्याने त्याची इनपुट क्रेडिट घेतली, तर तेवढ्या रकमेवर पुन्हा घसारा मागता येत नाही. हे सर्व व्यवसायाच्या वापरापुरते. घरच्या लॅपटॉपला यातले काही लागू नाही.

'नो-कॉस्ट ईएमआय' हा शब्द ऐकला, की माझ्यातला जुना अधिकारी जागा होतो. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, अशी भूमिका रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात घेतली होती. आज क्रेडिट कार्डावर जे मिळते त्यात बँक व्याज आकारतेच. विक्रेता किंवा कंपनी तेवढी सूट आधी देते. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क मात्र ग्राहकाच्या माथी येते. रक्कम फार मोठी नसते, पण 'नो-कॉस्ट' नसते. शिवाय रोख घेणाऱ्याला तीच सूट मिळते का, हे विचारायला लाजू नये.

तंबूच्या आसनाबद्दल दोन शब्द. स्वयंपाकघराच्या ओट्यावर कृती पाहायला, परदेशातील नातवंडांशी बोलताना सगळ्यांना चौकटीत घ्यायला, प्रवचनाचे थेट प्रक्षेपण चार जणांनी मिळून पाहायला ही सोय फार छान आहे. कळफलक मागे गेल्यामुळे पडदा जवळ येतो आणि जागा कमी लागते. फक्त कळफलक पालथा टेबलावर ठेवण्याचे जे आसन आहे, त्याआधी टेबल पुसून घ्यावे. कणीक किंवा साखरेचा कण कळीखाली गेला की ती अडखळू लागते.

दुकानात गेल्यावर यंत्र तपासायला किमान अर्धा तास द्यावा. विक्रेत्याला उभे राहू द्यावे, आपण खुर्चीवर बसून यंत्र मांडीवर घ्यावे आणि आपल्या नेहमीच्या मजकुराच्या दहा ओळी टंकित कराव्यात. मग पडदा वळवून किंवा सोडवून पाच मिनिटे एका हातात धरावा. मनगट काय ते सांगेल. पेनने जोडाक्षरांच्या तीन ओळी लिहाव्यात आणि पेनच्या टोकामागे शाई किती रेंगाळते ते पाहावे. पडदा मधल्या कोनात ठेवून बोटाने टिचकी मारावी. तो फार डुलत असेल तर बिजागरी ढिली आहे. पेन व कळफलक किमतीत आहेत का, पडदा आणि बॅटरी बदलण्याचा खर्च किती, सेवा केंद्र आपल्या गावात की जिल्ह्याच्या ठिकाणी, हे बिल करण्याआधी विचारावे आणि शक्य तर लेखी घ्यावे. नेहमीच्या वॉरंटीत पडझड येत नाही. अपघाती नुकसानीचे संरक्षण स्वतंत्र घ्यावे लागते आणि ते बहुधा खरेदीनंतर ठरावीक दिवसांतच मिळते. या एका जातीच्या यंत्रासाठी ते घ्यावे असे मी सांगेन, कारण हे यंत्र हातात धरूनच वापरायचे असते आणि हातातलेच खाली पडते. बिलावरचा अनुक्रमांक खोक्यावरच्या आणि यंत्राच्या पाठीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. व्यवसायासाठी घेत असाल, तर आपला जीएसटी क्रमांक बिलावर तिथल्या तिथे घालून घ्यावा.